आकडा दिसला, पण पुढे काय?

वाचकाचं पत्र

ताई, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला होता. आता काठी घेऊन, कुणी सोबत असलं की खोलीतल्या खोलीत चालतात. त्यांना समजतं सगळं, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत. भाऊ परदेशात असतो. त्याने काळजीपोटी मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर आणि हाताच्या व्यायामासाठी सेन्सरचा हातमोजा पाठवला. मोजा घालून मोबाइलवर खेळ खेळायचे असतात. घड्याळाचे आकडे भावाच्या फोनवरही जातात. मग मध्यरात्री त्याचा फोन येतो, 'बाबांची नाडी ५२ दाखवतेय, त्यांना उठव.' मी दिवसातून आठ-दहा वेळा बीपी बघते आणि दर वेळी वेगळं येतं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेतात, पण समोर बसून घेतल्याची सर त्याला येत नाही असं मला वाटतं. आता भाऊ म्हणतोय, बाबांच्या खोलीत कॅमेरा बसव. परवा बाबांनी घड्याळ काढून भिरकावलं. यातलं काय ठेवू आणि काय बंद करू?

– एक मुलगी

प्रिय मैत्रिणी,

बाबांनी घड्याळ भिरकावलं, तिथूनच सुरुवात करते. ज्याला सगळं समजतं पण बोलता येत नाही, अशा माणसाकडे 'नको' म्हणायचे मार्ग फार थोडे उरतात. त्यातला एक त्यांनी वापरला. आजारपणातली चिडचिड म्हणून तो सोडून देऊ नका. ते त्यांचं मत आहे, आणि यापुढे तुम्ही भावंडं जे काही ठरवाल त्यात ते धरलं गेलं पाहिजे.

कोणतं यंत्र ठेवू, असं तुम्ही विचारलंय. त्याआधी प्रत्येक यंत्राला एक प्रश्न लावून बघा: हा आकडा कोण बघणार, आणि तो अमुक इतका झाला तर काय करणार? ज्या आकड्यासाठी याचं उत्तर तुमच्याकडे नाही, तो आजपासून मोजू नका. आठ-दहा वेळा बीपी बघूनही तुम्हाला काहीच कळत नाहीये, कारण कुठल्या आकड्याला काय करायचं हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. भावाला आकडा दिसतो, पण त्याच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नाही. तुमचं सगळं घर दमलंय ते यामुळे.

या बाबतीत दोन मोठे अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. दोन्ही हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवरचे आहेत, पण त्यातून निघणारी गोष्ट तुमच्याही घराला लागू पडते. पहिला अमेरिकेतला, २०१० साली प्रसिद्ध झालेला, १,६५३ रुग्णांचा. त्यातल्या निम्म्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला आपलं वजन आणि होणारा त्रास सांगायचा, आणि त्यांच्या डॉक्टरांकडच्या लोकांनी ती माहिती तपासायची, अशी योजना होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा भरती व्हावं लागणं किंवा मृत्यू, यात काहीही फरक पडलेला नव्हता. १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नव्हती. शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले होते. दुसरा अभ्यास जर्मनीतला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, १,५७१ रुग्णांचा. तिथेही वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन घरीच मोजला जात होता. पण ते सगळं एका केंद्राकडे जायचं, तिथे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका असायच्या. काही बदललं की त्यांचा रुग्णाला फोन यायचा, औषधाचं बघितलं जायचं. त्या गटात मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे साधारण ११ ऐवजी ८ च्या आसपास राहिलं. दोन्हीकडचे रुग्ण अगदी सारखे नव्हते हे खरं, पण मला यातला मोठा फरक दिसतो तो आकड्यापलीकडे बसलेल्या माणसांचा.

तुमच्याकडे असं चोवीस तासांचं केंद्र नसेल. म्हणून मोजायच्या गोष्टी कमी करा आणि प्रत्येकीला एक जबाबदार माणूस नेमा.

सगळ्यात आधी बीपी, कारण ते मात्र मोजायलाच हवं. पक्षाघात पुन्हा होण्याची जी कारणं आपल्या आवाक्यातली आहेत, त्यात वाढलेलं बीपी सगळ्यात मोठं. दर वेळी वेगळं येतं म्हणून घाबरू नका. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं. बोलताना वाढतं, चालून आल्यावर वाढतं, लघवी तुंबलेली असली तरी वाढतं, आणि मशीन हातात घेऊन मुलगी काळजीच्या चेहऱ्याने समोर उभी राहिली तरी वाढतं. त्यामुळे मोजण्याची पद्धत एकच ठेवायची. बाबांना पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवा, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत बसू द्या, टीव्ही बंद, गप्पा बंद. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवरून नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीवर येईल. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर डावा, म्हणजे चांगला हात वापरा, कारण लुळ्या हातावरचा आकडा भरवशाचा नसतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. पट्टा दंडाला आखूड पडत असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणून दंडाचा घेर मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. मशीन मनगटाचं असेल तर दंडाचं घ्या.

किती वेळा मोजायचं? डॉक्टरांना दाखवायला जायच्या आधीचे सात दिवस, सकाळी गोळ्या घेण्याआधी आणि संध्याकाळी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. डॉक्टरांच्या कामाची तीच असते. एरवी, गोळ्या बदललेल्या नसतील तर, किती वेळा बघायचं ते त्यांनाच विचारा. बहुतेक जण आठवड्यातून थोडे दिवस पुरे म्हणतील. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर ते वाढलेलं धरतात. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसासाठी डॉक्टर याहून खालचा आकडा गाठायला सांगू शकतात, तो त्यांच्याकडून लिहून घ्या. बाबांची नाडी अनियमित असल्याचं कुणी सांगितलं असेल तर घरचं मशीन थोडं गोंधळतं, अशा वेळी दोनऐवजी तीनदा मोजलेलं बरं.

आणखी एक मोजणी मी मुद्दाम सांगते, कारण ती बहुतेक घरांत होत नाही. बाबांना उठताना गरगरतं का? तसं असेल तर बसलेलं बीपी घेतल्यावर त्यांना धरून उभं करा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. काठीवर चालणाऱ्या माणसाला उभं राहताच बीपी उतरणं म्हणजे पडण्याला आमंत्रण असतं, आणि बऱ्याचदा ते गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलून सुधारता येतं.

ऑक्सिमीटर कपाटात ठेवा. फुप्फुसांचा आजार नसेल तर रोज बोट घालून बघण्यात काही अर्थ नाही. थंड पडलेलं बोट, हलणारा हात, नखांवरचा रंग यांनी आकडा चुकतो. त्वचेचा रंग गडद असेल तर ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवला जाण्याची शक्यता असते, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. त्याची गरज पडेल ती वेगळ्या वेळी. पक्षाघातानंतर गिळणं नीट होत नसेल तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बाबांना पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, ताप किंवा धाप असेल, तेव्हा ऑक्सिमीटर काढा आणि आकड्यासकट डॉक्टरांना फोन करा. आकडा चांगला आला म्हणून ठसक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका.

आता घड्याळ. झोपेत नाडी मंदावतेच, बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी ती आणखी खाली येते. गाढ झोपेत ५२ दिसणं हे एवढ्यावरून माणसाला उठवायचं कारण नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, कितीच्या खाली गेली तर कळवायचं ते विचारून घ्या, आणि तोवर रात्रीची ती सूचना दोन्ही फोनवर बंद करा. जागेपणी चक्कर, घेरी, शुद्ध हरपणं असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही.

घड्याळाचा बाबांना खरा उपयोग एकाच बाबतीत होऊ शकतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार असतो, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्याने पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट वाढतो, आणि तो येऊन-जाऊन असल्यामुळे एका ईसीजीत सापडेलच असं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पक्षाघाताचं कारण न सापडलेल्या रुग्णांच्या त्वचेखाली छोटा मॉनिटर बसवला होता. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ८.९ टक्के लोकांत हा विकार सापडला, नेहमीच्या तपासण्या केलेल्या गटात १.४ टक्के. घड्याळ त्या मॉनिटरची जागा घेऊ शकत नाही, आणि ते सूचना देईल ती प्रत्येक वेळी खरी असेल असंही नाही. पण 'ठोके अनियमित' अशी सूचना आली तर ती फोनमध्ये जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण त्यावरून औषध बदलू शकतं. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, हेही भावाला सांगा. छातीत दुखत असताना घड्याळ 'सगळं ठीक' म्हणतंय म्हणून कुणी थांबू नये.

हे सगळं बाबांना नीट समजावून सांगा आणि विचारा: घालाल का? दिवसा घालून रात्री काढायचं, असंही चालेल. नको म्हणाले तर नको. डॉक्टरांना ठोक्यांची शंका असेल तर त्यांच्याकडे चांगल्या तपासण्या आहेत.

पावलं मोजायला हे घड्याळ वापरू नका. मनगटावरचं यंत्र हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतं. बाबांचा डावा हात काठीवर आणि उजवा हात शरीराला धरून, मग झोका येणार कुठून? हळू चालणाऱ्यांची पावलं अशा यंत्रातून गळतात. पूर्ण सकाळ घाम गाळून चाललेल्या माणसाला 'आज २१० पावलं' असं दाखवणं किती जिव्हारी लागत असेल! मोजायचंच असेल तर चांगल्या पायाच्या घोट्याला बांधायचा सेन्सर जास्त बरोबर मोजतो. शिवाय दहा हजार पावलांचं ओझं त्यांच्या डोक्यावर मुळीच ठेवू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आलेला आहे, कुठल्या आजारातून उठणाऱ्या माणसासाठी ठरवलेला नाही.

त्यापेक्षा आम्ही फिजिओथेरपिस्ट जे वापरतो ते वापरा, त्याला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. जमिनीवर दहा मीटर अंतराची खूण करा. सुरुवातीला आणि शेवटी एक-दोन मीटर जास्त सोडा. तुम्ही शेजारी राहून बाबांना त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्या आणि वेळ लावा. खोली लहान असेल तर कमी अंतर घ्या, पण दर वेळी तेच. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल, म्हणजे दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर चालणं साधारणपणे घरापुरतं राहतं. ०.८ मीटरच्या पुढे, म्हणजे साडेबारा सेकंदांच्या आत, माणूस बाहेर बऱ्यापैकी मोकळेपणाने फिरू शकतो. दर पंधरा दिवसांनी हे एकदा करा. ३८ सेकंदांचे ३१ झाले की ते बाबांना स्वतःला दिसतं, पटतं. आणि हा आकडा कोण बघणार, काय करणार, याचं उत्तरही तयार आहे: फिजिओथेरपिस्ट बघणार आणि व्यायाम बदलणार.

आता तुमच्या मनातली शंका, व्हिडिओ कॉलवरच्या व्यायामाची. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण यंत्रांचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो आणि तुमच्या पत्रात तीच गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित राहिली आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ११ केंद्रांनी मिळून १२४ पक्षाघात झालेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. झटका येऊन चार ते छत्तीस आठवडे झालेले, म्हणजे बाबांसारखेच लोक होते, आणि त्यांचा हात अशक्त झाला होता. निम्म्यांनी दवाखान्यात येऊन उपचार घेतले, निम्म्यांनी घरीच, संगणकावरचे खेळ आणि व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट अशा पद्धतीने. दोघांनाही ७० मिनिटांची ३६ सत्रं. हाताच्या हालचालींची ६६ गुणांची एक चाचणी असते. दवाखान्यातल्या गटाचे सरासरी ८.४ गुण वाढले, घरच्या गटाचे ७.९. म्हणजे घरी बसून घेतलेले उपचार कमी पडले नाहीत. पण त्या ३६ सत्रांकडे नीट बघा. त्यातली निम्मी थेरपिस्टच्या देखरेखीखाली होती, निम्मी रुग्णाने स्वतः केलेली, आणि दोन्ही गटांना सारखीच. काम केलं ते सरावाच्या भरपूर मात्रेने आणि तो सराव बघून सुधारणाऱ्या माणसाने.

मात्रा हा शब्द मी जपून वापरतेय. पुनर्वसनाच्या सत्रांत प्रत्यक्ष किती वेळा हालचाल होते हे मोजणारा एक अभ्यास २००९ मध्ये आला होता. हाताने काही काम करण्याची हालचाल एका सत्रात सरासरी ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत नव्या जोडण्या घडायला रोज काहीशे वेळा तीच हालचाल करावी लागलेली दिसते. आठवड्यातून दोन कॉल हे या हिशोबात फारच अपुरे आहेत. व्हिडिओ कॉल वाईट आहे असं नाही, त्या दोन कॉलच्या मधले दिवस रिकामे जातायत. हातमोज्याची जागा तिथे आहे. कंटाळवाणी हालचाल शंभरदा करून घ्यायला खेळ उपयोगी पडतो, गुण वाढले की करावंसंही वाटतं.

फक्त एक गोष्ट तुम्हाला डोळ्यांत तेल घालून बघावी लागेल. मोज्याला बोटं हलली एवढंच कळतं. ती हलवण्यासाठी बाबांनी खांदा कानापर्यंत उचलला का, कमरेतून पुढे झुकले का, श्वास धरून ठेवला का, हे त्याला दिसत नाही. खेळात जिंकायच्या नादात शरीर अशा पळवाटा शोधतं, आणि रोज शंभरदा पळवाट गिरवली की तीच सवय होते. म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइल कडेला उभा करून, बाबांची पाठ, खांदा आणि हात एकत्र दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि फिजिओथेरपिस्टना पाठवा. कॉलच्या वेळीसुद्धा कॅमेरा समोरून न धरता बाजूने धरा. एवढ्या बदलाने तुमचा व्हिडिओ कॉल समोर बसून घेतल्याच्या बराच जवळ जाईल. बाबांचा खांदा हाताने चाचपून बघणं, स्नायू किती ताठरलाय हे हलवून बघणं, या गोष्टी मात्र पडद्यावरून होत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एखादी प्रत्यक्ष भेट मागून घ्या.

खेळताना उजवा हात टेबलावर किंवा उशीवर टेकलेला असू द्या. खांदा दुखायला लागला, हात सुजला की थांबा आणि कळवा. आणि यंत्राशी संबंध नसला तरी सांगते, त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. पक्षाघातानंतरचा थकवा हा आळस नसतो, म्हणून एकदम तासभर खेळण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे तीन-चार तुकडे करा. चालताना पाऊल लटकत असेल तर त्यासाठी पायाला बांधायचं, हलका विद्युत झटका देऊन पाऊल उचलणारं यंत्र मिळतं. ते चांगलं आहे, पण भावाला परस्पर पाठवू देऊ नका. पेसमेकर असलेल्यांना ते सहसा देत नाहीत, आणि कुठे लावायचं, किती लावायचं हे थेरपिस्टनेच बसवून द्यावं लागतं.

बोलण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. बाबांच्या दृष्टीने मला तीच सगळ्यात मोठी वाटते. स्पीच थेरपिस्ट सुरू आहेत का? नसतील तर हातमोज्याच्या आधी ते करा, व्हिडिओ कॉलवरही चालतं. संगणकावर शब्दांचा सराव रोज घरी करण्याचा एक अभ्यास ब्रिटनमध्ये २७८ लोकांवर झाला, तोही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शब्दांचा सराव केला ते शब्द सापडण्यात चांगली सुधारणा झाली, पण रोजच्या गप्पा त्याने सुधारल्या नाहीत. यातून दोन गोष्टी घ्या. सरावाचे शब्द बाबांच्या आयुष्यातले असू द्या: घरच्यांची नावं, त्यांच्या आवडीच्या वस्तू, 'दुखतंय', 'थांब', 'नको'. तुमच्याच मोबाइलमधले फोटो आणि तुमच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग यासाठी उत्तम. आणि गप्पा माणसांशीच व्हायला हव्यात. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न, टीव्हीचा आवाज बंद, आणि शब्द शोधत असताना तो त्यांच्या तोंडात न घालता थांबणं. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि बोलता न येणाऱ्या माणसाचं नैराश्य घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. भिरकावलेल्या घड्याळाखेरीज जेवण कमी झालं, झोप बिघडली, व्यायामाला नकार वाढला, असं काही दिसत असेल तर डॉक्टरांशी बोला. त्यावर उपचार आहेत.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बाबांनी होकार दिल्याशिवाय नाही, आणि झोपायच्या-कपडे बदलायच्या जागी होकार दिला तरी नाही. बोलता येत नाही म्हणून होकार विचारता येत नाही असं होत नाही. त्यांना कॅमेरा हातात द्या, त्याचं चित्र भावाच्या फोनवर कसं दिसतं ते दाखवा, मग विचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर ते त्यांचं उत्तर.

भावाची भीती बाबा पडण्याची आहे, आणि ती रास्त आहे. पण कॅमेरा पडणं थांबवत नाही, पडलेलं दाखवतो, तेही त्या क्षणी कुणी बघत असेल तर. घड्याळातली 'पडलात का' ही सोयसुद्धा धाडकन पडलेलं ओळखते, खुर्चीवरून किंवा पलंगावरून हळूच घसरलेलं बऱ्याचदा चुकवते. रात्री बाथरूमला जाताना जास्त धोका असतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचाल झाली की आपोआप लागणारे दिवे बसवा. डाव्या हाताला सहज लागेल अशी बिनतारी घंटा द्या, तिचा आवाज तुमच्या उशाशी. बाबा पलंगावरून उठले की तुम्हाला कळवणारी सेन्सरची चटई मिळते, तिच्यात चित्र नसतं, फक्त सूचना असते. हे तिन्ही मिळून कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतील. आणि बाबा दिवसा बाहेरच्या खोलीत कॅमेरा चालेल म्हणाले, तर त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड आधी बदला, लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा कोड लावा, चित्रण साठवलं जातं का आणि किती दिवस ते तपासा, आणि बघण्याची मुभा तुम्हा दोघांखेरीज कुणालाही देऊ नका.

एक गोष्ट यातलं कुठलंही यंत्र करत नाही: नवा झटका ओळखणं. चेहऱ्याची एक बाजू अचानक उतरली, चांगला हात खाली पडायला लागला किंवा आधीच अशक्त असलेला आणखी अशक्त झाला, आहे ते बोलणं एकाएकी आणखी बिघडलं, तोल किंवा नजर गेली, तर बीपी बघत बसू नका, भावाला फोन करू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि बाबांना शेवटचं नीट केव्हा पाहिलं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू जास्त वाचतो. हे चार मुद्दे कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसतील असे लावा. बाबांची मूळची कमजोरी कशी दिसते याचा आजच एक छोटा व्हिडिओ करून ठेवा, म्हणजे नवं काय आणि जुनं काय हे डॉक्टरांना पटकन कळेल.

राहिला भाऊ. त्याच्यावर रागावू नका. दूर असलेल्या माणसाला आकडे बघणं एवढंच करता येतं, म्हणून तो ते जीव तोडून करतो. त्याला दुसरं काम द्या, आणि खरोखर उपयोगाचं द्या. बीपीच्या वहीचा फोटो त्याला पाठवा, सरासरी काढून डॉक्टरांसाठी एका पानात मांडायचं काम त्याचं. फिजिओथेरपिस्टच्या वेळा ठरवणं, व्यायामाचे व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचवणं, औषधं संपायच्या आत मागवणं, हेही तो तिथून करू शकतो. शब्दांच्या सरावासाठी त्याच्या आवाजात रेकॉर्डिंग करायला सांगा. आणि आठवड्यातून दोन दिवस हातमोज्याच्या खेळाच्या वेळी त्यालाच व्हिडिओ कॉलवर बसवा, त्या दिवशी बाबांच्या डावांची मोजणी त्याने करायची. रात्री त्याचा फोन यायचा असेल तर तो फक्त तुमच्या हाकेवर यावा, घड्याळाच्या नाही, हे दोघांत बोलून ठरवून घ्या. तुम्हालाही सलग झोप मिळालीच पाहिजे. ती सोय करायला आजच भावाशी बोला, बाकी बदल या आठवड्यात एकेक करून करा.